रोज एक इंच

माफ करणारी माणसं मला आवडत नाहीत. ती मनातून काही विसरलेली नसतात, फक्त पुढच्या पंगतीत त्यांना पाट हवा असतो. आमच्या गलगली घराण्यात माफ करायची पद्धतच नाही. एका लग्नात होळिगीवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप हात आखडून वाढलं गेलं, म्हणून माझ्या थोरल्या आत्यानं त्या घराचा उंबरा तीस वर्षं ओलांडला नाही. त्या यजमानाच्या तेराव्याचं बोलावणं आलं तेव्हा "तूप वाढणार असतील तर येते" असा तिनं उलट निरोप धाडला. बाळाचार्य हा तिचा धाकटा भाऊ आणि माझा काका. त्यानं एक सूड आठ वर्षं सांभाळला. त्यातला थोडा भार मीही वाहिलाय, म्हणून ही हकिगत सांगायचा हक्क माझा.

नाव बाळाचार्य, पण काकानं जन्मात कुणाची पूजा सांगितली नाही. तो पाणी वाचायचा. धारवाडहून कलघटगीला जाताना एक फाटा फुटतो, तिथून दीड मैलावर अत्तीहळ्ळचा तलाव. हुबळीच्या दुर्गदबैलमागच्या जुन्या गल्ल्यांना तिथलं पाणी जायचं. रोज सकाळी आठ वाजता तलावाची पातळी बघायची, वहीत लिहायची आणि फोनवरून हुबळीच्या ऑफिसात कळवायची. पावसाळ्यात हेच दर तासाला करायचं. सरकारी भाषेत या कामाला गेज रीडर म्हणतात. एकोणसत्तर साली काका तिथं लागला आणि तलावाच्या काठच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सरस्वतीकाकूला घेऊन राहायला गेला.

मी धारवाडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा सप्तापुरात खोली घेऊन राहत होते. रविवार आला की बसनं काकाकडं. सकाळी तो धोतर गुडघ्याच्या वर खोचून, कपाळावरचं गोपीचंदन अजून ओलं असताना बांधाच्या पायऱ्या उतरायचा. पायऱ्या दगडी, प्रत्येक बरोबर एक फूट उंच. त्यांच्या कडेनं भिंतीवर आकडे रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या. नियम साधा होता: सगळ्यांत वरच्या पायरीशी बत्तीस फुटांची खूण, तिथून खाली एकेक फूट कमी. काकाला पट्टी लागायचीच नाही. पाणी कितव्या पायरीला आहे हे त्याच्या पायांना कळायचं, पट्टी तो फक्त इंचांसाठी बघायचा. त्याला जगात सगळंच फूट-इंचात दिसायचं. माझं लग्न जमेना तेव्हा म्हणाला, "तू चार फूट अकरावर अडलीस बघ. अजून एक इंच वाढली असतीस तर एव्हाना सासरी गेली असतीस."

तलावाच्या काठाशी, तलावाचंच पाणी आत येणारी खोल विहीर होती आणि तिच्यावर पंपघर. पंप चालवायचा धोंडिबा. कलघटगीचा, बुटका, छातीनं रुंद, बोलायला फाटक्या तोंडाचा. पंपाचा नळ त्या अंधाऱ्या विहिरीत खाली उतरलेला असायचा, त्याचं तोंड कुणाला दिसायचं नाही. पाणी तीन फुटांच्या खाली गेलं की पंप बंद करायचा असा दंडक होता, नाहीतर नळ वारा ओढतो आणि मोटार जळते. म्हणजे धोंडिबाचं सगळं काम काकाच्या आकड्यावर. रोज आठ वाजता तो पंपघराच्या दारातून ओरडायचा, "आचारी, किती?" आणि काका खालून ओरडायचा, "हदिनारूवरे!" साडेसोळा. आकडा नेहमी कानडीत, आणि आचार्यचं धोंडिबाच्या तोंडी कायम आचारी. त्यानंतर दोघं काकूचा चहा प्यायचे.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात पाण्याच्या लोटानं त्या पट्ट्या उखडून नेल्या. पंचाण्णवच्या मे महिन्यात नवीन बसवल्या गेल्या. मधल्या काळात कुणी मोठा माणूस तलाव बघायला येणार म्हणून बांधावर मुरूम टाकून, रोलर फिरवून गाडीचा रस्ता केला होता, आणि त्या मुरमाखाली वरच्या दोन पायऱ्या गाडल्या गेल्या होत्या. पट्ट्या बसवणारी माणसं हुबळीहून आली. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, पहिल्या पायरीशी बत्तीस. त्यांना जी पहिली दिसली तिच्याशी त्यांनी बत्तीस ठोकलं. खरं तर ती तिसरी पायरी होती.

झालं! सोमवारी तलावात सात फूट पाणी होतं आणि मंगळवारी, आभाळातून एक थेंब न पडता, ते नऊ फूट झालं.

काकानं त्याच दिवशी फोन केला. सेक्शनचे इंजिनिअर होते गोविंद नरगुंदकर. तरुण, हुशार, मराठीच, आणि स्वतःच्या हुशारीवर भारी जीव. रस्ता त्यांनीच करून घेतला होता, पट्ट्या बरोबर बसल्याची सहीसुद्धा त्यांचीच होती. काका म्हणाला, "साहेब, दोन पायऱ्या पुरल्या गेल्यात. येऊन बघा की." नरगुंदकर आले नाहीत. आठवड्यानं वरच्या ऑफिसातून विचारणा झाली की पाऊस नसताना दोन फूट वाढलं कसं. त्यावर नरगुंदकरांनी उत्तर पाठवलं की गेज रीडर आजवर निष्काळजीपणानं दोन फूट कमी वाचत होता, नवीन पट्ट्यांमुळं चूक उघडकीला आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

काकाची पगारवाढ रोखली. त्याचं त्याला फार वाटलं नाही. पण त्याला हुबळीच्या ऑफिसात बोलावून, सगळ्या स्टाफसमोर उभं करून, त्याच्याच हातानं लिहिलेला माफीनामा त्याला वाचायला लावला. सव्वीस वर्षं मी नजरचुकीनं खोटी पातळी नोंदवली, अशी ती ओळ होती. काका वाचत असताना कुणीतरी हसलं. धोंडिबा त्या दिवशी पंपाचा सुटा भाग न्यायला म्हणून आला होता, तो दारातूनच ओरडला, "आचारी चुकीचं वाचनार न्हाई साहेब. पट्टीच खोटी हाय." नरगुंदकर म्हणाले, "तू पंप बघ." आणि मग काकाकडं वळून, "पट्टीवर दिसतं ते लिहायचं. तुझी अक्कल कुणी मागितलीय?"

काका म्हणाला, "हे लेखी द्या."

चिडलेल्या माणसाकडून लेखी मागितलं की तो देतो. नरगुंदकरांनी तिथल्या तिथं कानडीत चार ओळी लिहिल्या: गेज रीडरने पट्टीवर दिसेल तोच आकडा नोंदवावा, स्वतःची अक्कल वापरू नये. खाली सही, शिक्का, तारीख. पुढच्या रविवारी काकानं तो कागद माझ्या हातात ठेवला. "उत्तरा, ह्याच्या दोन झेरॉक्स काढून आण. एक तुझ्यापाशी ठेव. घराला आग लागली तर कागद जायला नको."

मी सप्तापुरातल्या दुकानात झेरॉक्स काढल्या. दुकानदारानं कागद वाचून विचारलं, "हे काय हो मॅडम?" मी म्हटलं, "एका माणसाची फाशी आहे. अजून तारीख ठरायचीय." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला असली वाक्यं फार आवडायची. खरं सांगायचं तर अजूनही आवडतात.

त्या दिवसापासून काका पट्टीवर दिसेल तेच वाचू लागला. दोन फूट जास्त. एक इंच इकडं नाही, एक इंच तिकडं नाही. पण पंप तर खऱ्या पाण्यावर चालवायला हवा. म्हणून धोंडिबानं विचारलं, "मग आता मला काय सांगनार? पट्टीचं का खरं?"

"वहीत त्याचं," काका म्हणाला, "तुझ्या कानात माझं."

असे दोन आकडे सुरू झाले. हुबळीला पट्टीचा, धोंडिबाला खरा. धोंडिबानं त्यानंतर पट्टीकडं कधी बघितलं नाही. खोटं बोलणाऱ्याचं तोंड कशाला बघायचं, असं तो म्हणायचा.

आता सूड घ्यायचा तर तलाव आटायला हवा. भरल्या तलावात दोन फुटांनी कुणाचं काही बिघडत नाही. सांडवा वाहायचा तेव्हा पट्टी त्याच्या उंचीपेक्षा दोन फूट जास्त दाखवायची, तरी ऑफिसात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पोट भरलेलं असताना ताटात किती उरलंय ते कोण बघतं? दोन फूट अंगाशी येणार ते तळ गाठल्यावरच. त्यामुळं काका दुष्काळाची वाट बघू लागला. जून उजाडला की अख्खं धारवाड आभाळाकडं बघायचं ते पाऊस ये म्हणून, काका बघायचा येऊ नको म्हणून. सत्त्याण्णवला बरा पाऊस झाला, काका आठ दिवस जेवला नाही नीट. एका वर्षी पावसानं ओढ दिली तेव्हा खेड्यातल्या बायका गुर्जी घेऊन दारात आल्या. तव्यावर शेणाची बाहुली, ती डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचं आणि घरधन्यानं तिच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. काकानं दार लावून घेतलं. सरस्वतीकाकू मागच्या दारानं घागर घेऊन गेली, बाईच्या डोक्यावर ओतून आली, आणि परत येऊन म्हणाली, "पाण्यावर पोट भरतंय आणि पाणी येऊ नये म्हणता. तुम्हाला काही वाटत नाही?"

"मला एकच गोष्ट वाटते," काका म्हणाला.

मी त्याच्या बाजूनं होते. काकूची मला चीड यायची. ज्याच्या तोंडाला काळं फासलं गेलं त्यानं गप्प बसून पाऊस मागावा, हा कुठला न्याय? दर रविवारी मी विचारायची, "किती राहिलं?" आणि तो खरं सांगायचा. आम्ही दोघं देवघरात नवस बोलल्यासारखे त्या आकड्यावर जीव लावून बसलो होतो.

दोन हजार दोनचा पाऊस आलाच नाही म्हणायला हरकत नाही. तलाव भरला नाही. त्यात मधे बदली होऊन गेलेले नरगुंदकर बढती घेऊन, हुबळीचा सगळा पाणीपुरवठा ज्याच्या हातात, अशा खुर्चीवर परत आले. काका एकतीस मे दोन हजार तीनला निवृत्त होणार होता. म्हणजे वेळ होती, माणूस होता, फक्त पाणी तेवढं खाली यायचं होतं. त्याआधी तलाव तळाला गेला नाही तर काका सव्वीस वर्षं खोटं वाचणारा म्हणूनच घरी जाणार होता, आणि ते त्याच्या सर्व्हिस बुकात कायमचं राहणार होतं.

आता जे सांगते ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. काकानं पुढं दोन वर्षांनी, माझ्या खोलीत बसून, भिंतीकडं बघत सांगितलं.

चौदा एप्रिलला तलावात खरं पाणी सात फूट होतं, पट्टीवर नऊ. ऊन आणि पंप मिळून रोज दोन इंच पाणी खाली जात होतं. काकानं हिशेब मांडला. खरं पाणी तीन फुटांवर आलं की धोंडिबा पंप बंद करणार, हुबळीला फोन करणार. हुबळीत पट्टीवर पाच दिसत असणार. मग कुणीतरी गुपचूप येईल, पायऱ्या उकरेल, पट्टी सरकवेल, आणि नरगुंदकर सगळं झाकून टाकतील. आठ वर्षांचा सूड मुरमाखाली जाईल. गोष्ट गावभर व्हायची असेल तर पंप चालू राहायला हवा होता. आणि पंप धोंडिबाच्या हातात होता.

एकदम दोन फूट चढवून सांगितलं असतं तर धोंडिबानं ओळखलं असतं. म्हणून काकानं रोज एक इंच चढवला. पाणी दोन इंच उतरायचं, तो धोंडिबाला एक इंच सांगायचा. पहिल्या दिवशी एका इंचाचं खोटं, दुसऱ्या दिवशी दोन इंचांचं. चोवीस दिवस. आठ मेला धोंडिबाच्या कानातला आकडा आणि पट्टीवरचा आकडा एक झाला, पाच फूट. खरं पाणी तीन. धोंडिबानं त्या दिवशी नुसतं मान वळवून पट्टीकडं बघितलं असतं तरी त्याला सगळं कळलं असतं. पण पट्टी खोटी हे त्याला काकानंच शिकवलं होतं.

तलाव आटलेला त्याला दिसत नव्हता का? दिसत होता. पण काठाला भेगा पडलेल्या, मध्ये गढूळ पाणी, ते चार फूट आहे की अडीच हे काठावरून कुणालाच सांगता येत नाही. एकदा तो म्हणालासुद्धा, "आचारी, लई कमी वाटतंय की हो." काका म्हणाला, "नालकूवरे." साडेचार. धोंडिबा पंपघरात गेला.

ती अकरा मेची सकाळ. चहा झाला होता. तासाभरानं पंपाचा आवाज बदलला. धोंडिबाला वाटलं नळाच्या तोंडाला शेवाळ अडकलंय, कारण साडेचार फूट पाण्यात दुसरं काय होणार? त्यानं पंप थांबवला, पाणी भरून परत सुरू केला. या वेळी मोटारच जळली. पंपघर धुरानं भरलं. मग तो लोखंडी कड्या धरून विहिरीत उतरला, शेवाळ काढायला. खाली पोचला तेव्हा नळाचं तोंड गाळाच्या हातभर वर, उघड्या हवेत लोंबत होतं. धोंडिबा वर आला. काका पायऱ्यांवर उभा होता. धोंडिबानं त्याच्याकडं बघितलं आणि हात पुसून तो फोन करायला गेला.

पुढचे एकोणीस दिवस त्या गल्ल्यांना पाणी नव्हतं. आठ दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाला आधीच शिव्या होत्या, आता तोही गेला. दुर्गदबैलमध्ये कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हातगाड्यांवर निळे बॅरल फिरू लागले. बायकांनी ऑफिसच्या फाटकावर मडकी फोडली. पेपरात आलं, तलावात साडेचार फूट पाणी असताना शहर कोरडं कसं? मी तो पेपर घेऊन बसनं काकाकडं गेले. मला त्या बायकांचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण फाटकावर फुटलेलं प्रत्येक मडकं नरगुंदकरांच्या कपाळात बसतंय याचा आनंद मोठा होता.

चौकशीला वरून मोठे साहेब आले. बांधावरच्या चिंचेखाली टेबल मांडलं. नरगुंदकरांनी सांगून टाकलं की हा रीडर जुना चुकार आहे, याच्या सर्व्हिस बुकात नोंद आहे. काका धोतर सावरत पुढं आला. "साहेब, दोन मजूर आणि एक पिकाव द्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

मुरूम उकरला गेला. पहिली पायरी निघाली. मग दुसरी. मोठ्या साहेबांनी टेप मागवला, स्वतः खाली वाकून मोजलं. दोन फूट. बांधावर जमलेल्या माणसांतून कुजबुज उठली. मग काकानं तो कागद टेबलावर ठेवला. स्वतःची अक्कल वापरू नये. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून नरगुंदकरांकडं बघितलं. मी दुसरी झेरॉक्स पदराखाली धरून उभी होते आणि खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यात इतका आनंदाचा दिवस तोवर आला नव्हता.

शेवटी धोंडिबाला बोलावलं. "पंप कशाच्या आधारावर चालू ठेवलास?"

आता त्यानं एवढंच म्हणायचं होतं की मला हा माणूस आठ वर्षं खरा आकडा वेगळा सांगत आलाय. झालं असतं! काकाला खरं ठाऊक होतं, तो ते वापरत होता, त्यानं मुद्दाम पंप जाळला, सगळं एका वाक्यात बाहेर आलं असतं. धोंडिबानं काकाकडं बघितलंही नाही. "वहीत साडेचार होतं साहेब. मी वही बघून चालिवला."

"तुला पाणी दिसत नव्हतं?"

"न्हाई दिसलं."

नरगुंदकरांवर कारवाई ठरली. धोंडिबाही निलंबित झाला, पंप कोरडा चालवून मोटार जाळली म्हणून. त्याच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती.

एकतीस मेला हुबळीच्या ऑफिसात काकाचा निरोपसमारंभ झाला. मोठ्या साहेबांनी हुकूम दिला होता की पंचाण्णवची नोंद रद्द करायची आणि ज्यानं केली त्यानंच सगळ्यांसमोर तसं वाचून दाखवायचं. नरगुंदकर उभे राहिले. पाणीपातळीची चूक रीडरची नसून माझी होती, असं त्यांनी खाली मान घालून वाचलं.

"ऐकू आलं नाही साहेब," काका म्हणाला. "परत वाचा की."

त्यांनी परत वाचलं.

"शेवटची ओळ तेवढी."

तिसऱ्यांदा वाचताना नरगुंदकरांचा आवाज फाटला. आठ वर्षांपूर्वी ज्या खोलीत कुणीतरी हसलं होतं तिथं आता कुणी हसलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनं. काकानं मात्र हार घालून घेतला, पेढा हातात घेतला आणि तो सारखा दाराकडं बघत राहिला. कुणाची वाट बघतोय हे मला तेव्हा कळलं नाही.

काका-काकू सप्तापुरात माझ्या शेजारच्या खोल्यांत राहायला आले. पहिल्याच रविवारी काका एकटाच बसनं कलघटगीला धोंडिबाच्या घरी गेला. संध्याकाळी परत आला. "भेटला का?" म्हटलं तर "हो" म्हणाला. "काय म्हणाला?" "काही नाही." पुढच्या रविवारी परत गेला. अशी तीन वर्षं. काकू डबा बांधून द्यायची, तो डबा तसाच परत यायचा. दोन वर्षांनी एकदा माझ्याकडं बसून त्यानं ते चोवीस दिवस सांगितले, एकेक इंच करून. सांगून झाल्यावर मी विचारलं, "धोंडिबाशी बोलून बघ की. माफी माग."

"मागितली," काका म्हणाला. "पहिल्याच दिवशी. त्यानं ऐकून घेतली."

"मग?"

"मग काय? बसतो. बसून येतो."

दोन हजार सहाच्या मे महिन्यात काकाला चक्कर येऊ लागल्या होत्या, एकट्याला पाठवायची काकूला भीती वाटली, म्हणून मी बरोबर गेले. धोंडिबाचं घर बाजाराच्या मागं. तो ओसरीवर बसला होता. निम्मा झाला होता. काकाला बघून उठला नाही, जा असंही म्हणाला नाही. काका समोरच्या दगडी कट्ट्यावर बसला, आणि मला कळलं की ही त्याची नेहमीची जागा आहे. ऊन रखरखत होतं. बसस्टँडपासून चालत आलो होतो, माझ्या घशाला कोरड पडली होती. काकाचे ओठ पांढरे झाले होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता, माणसांचं बोलणं येत होतं, पण कुणी बाहेर आलं नाही. अर्धा तास गेला. मग माझ्या ध्यानात आलं. तीन वर्षं, दर रविवारी, वीस मैलांवरून उन्हातून हा माणूस येतोय आणि या घरात त्याला कुणी पाणी विचारलेलं नाही. आमच्याकडं दारात वैरी आला तरी गुळाचा खडा आणि पाणी पुढं येतं. धोंडिबानं काकाला शिवी दिली नव्हती, चौकशीत त्याचं नाव घेतलं नव्हतं, दारातून हाकललं नव्हतं. त्यानं फक्त एवढंच केलं होतं.

मी सूड ओळखते. माझ्या आत्यानं, काकानं घेतलेले सगळे सूड मी जवळून बघितलेत. त्यातला एकही याच्या जवळपास येत नव्हता.

तेवढ्यात आतून एक पोरगी आली. धोंडिबाची नवी सून, रूपाली. लग्नाला महिना झाला असेल, तिला काही ठाऊक नव्हतं. दारात माणसं बसलेली बघून तिनं पितळेचा तांब्या आणि बशीत गूळ आणला. "घ्या अज्जा," ती काकाला म्हणाली.

काकाचे दोन्ही हात पुढं आले.

धोंडिबा उठला. घाई न करता आला, सुनेच्या हातातून तांब्या घेतला. काकाकडं बघितलं, बराच वेळ. तीन वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मग तो वळला आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

"तू घे पोरी."

काकाचे हात तसेच होते. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तो तांब्या काकाच्या हातात देऊ शकले असते, धोंडिबानं मला अडवलं नसतं. माझ्या कपाटात अजून ती झेरॉक्स होती, आणि त्याच्या एकेका इंचावर जीव लावून बसलेली पहिली मीच होते. धोंडिबाचा सूड मोडायचा हक्क मला नव्हता.

मी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या वर केला, आणि काकाच्या समोर सगळं पाणी पिऊन टाकलं.